एकाच यंत्राची साक्ष पुरेशी नाही

२० डिसेंबर २०२२ रोजी सर्न प्रयोगशाळेतल्या, एलएचसी या कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रावर चालणाऱ्या एलएचसीबी प्रयोगाने आपलाच एक गाजलेला आकडा बदलला. मार्च २०२१ मध्ये याच गटाने जाहीर केले होते की बी मेसॉन नावाच्या कणाच्या एका दुर्मीळ विघटनात म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) आणि इलेक्ट्रॉन समसमान निघत नाहीत. त्यांचे गुणोत्तर १ यायला हवे, ते ०.८४६ येते. निसर्गाच्या मूलभूत नियमांत काहीतरी नवे सापडण्याची चाहूल म्हणून ती बातमी जगभर गेली. डिसेंबरमध्ये तेच गुणोत्तर ०.९४९ निघाले. मोजमापातली अनिश्चितता जमेस धरली तर हा आकडा १ शी व्यवस्थित जुळतो. चाहूल विरली.

त्यानंतर दोन सूर उमटले. एक म्हणणारा, फुगा फुटला, या यंत्रांवर एवढा पैसा ओतायचा कशाला? दुसरा म्हणणारा, पाहा, विज्ञान आपली चूक आपणच सुधारते. पहिला सूर अन्यायाचा आहे. दुसरा खरा आहे, पण फार लवकर समाधान मानणारा आहे. ही विसंगती २०१४ मध्ये दिसली आणि २०२२ च्या अखेरीस मावळली. मधली आठ वर्षे ती उभी राहिली, कारण तीच गोष्ट तितक्याच बारकाईने मोजू शकेल असे दुसरे यंत्र त्या काळात जगात कुठेही नव्हते. आणि ते नव्हते यामागे बऱ्याच अंशी पैशांचे निर्णय होते. मोठ्या प्रयोगांच्या खर्चाची चर्चा निघाली की एक प्रश्न हमखास येतो: जे एक यंत्र मोजते आहे, तेच मोजायला दुसरे कशाला? बी मेसॉनची ही सारी हकीकत म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मी मानतो.

आधी मुद्दा काय आहे ते पाहू. इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ ही लेप्टॉन कुळातली तीन भावंडे. म्युऑन इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट जड, टाऊ जवळपास ३,४७७ पट. वस्तुमान सोडले तर तिघांत फरक नाही. विद्युतभार तोच, स्पिन तोच, आणि विद्युतचुंबकीय व क्षीण बलांशी वागणेही तेच. यालाच लेप्टॉन सार्वत्रिकता म्हणतात. कणभौतिकीचे स्टँडर्ड मॉडेल ही समानता धरून चालते, पण एकाच साच्याच्या तीन आवृत्त्या निसर्गाने का काढल्या, हे त्याला सांगता येत नाही. ज्या गोष्टीचे कारण ठाऊक नाही तिथे ती गोष्ट खरोखर तंतोतंत तशीच आहे का, हे पाहत राहण्याला पर्याय नसतो.

तपासण्या भरपूर झाल्या आहेत. सर्नच्याच एलईपी यंत्रावर गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात झेड बोसॉन या क्षीण बलाच्या वाहक कणाची विघटने मोजली गेली. तिन्ही लेप्टॉनांचा वाटा हजारात तीनेक भागांच्या अचूकतेपर्यंत सारखा निघाला. पायॉन नावाच्या हलक्या कणाच्या विघटनात इलेक्ट्रॉन आणि म्युऑन यांचे गुणोत्तर मात्र १ च्या आसपासही नसते. ते दहा हजारांत जेमतेम सव्वा आहे. तरीही सार्वत्रिकतेला तिथे धक्का लागत नाही. तो फरक केवळ वस्तुमानामुळे पडतो, तो आधी काटेकोरपणे काढता येतो आणि प्रयोग त्याच्याशी जुळतो. वस्तुमानामुळे जेवढा फरक पडायला हवा तेवढाच पडतो ना, की त्याहून जास्त, एवढाच प्रश्न असतो.

मग दुर्मीळ विघटनांचे एवढे काय? बी मेसॉनमध्ये बॉटम नावाचा जड क्वार्क (मेसॉनसारखे कण ज्यांचे बनतात तो मूलकण) असतो. त्याचे स्ट्रेंज क्वार्कमध्ये रूपांतर होताना लेप्टॉनांची जोडी बाहेर पडावी, यासाठी स्टँडर्ड मॉडेलमध्ये सरळ रस्ता नाही. वळसा घालून, अल्पकाळ प्रकटणाऱ्या जड कणांच्या आधाराने ही गोष्ट घडते, आणि म्हणून ती फार क्वचित घडते. बी मेसॉनमधून केऑन नावाचा एक कण आणि म्युऑनांची जोडी निघण्याचा प्रसंग वीस लाखांत एखाद्या वेळी येतो. जिथे नेहमीची वाट इतकी अरुंद, तिथे एखादा अनोळखी जड कण हस्तक्षेप करत असेल तर त्याचा परिणाम चटकन डोळ्यांत भरावा. ठरावीक ऊर्जेच्या कोलायडरमध्ये जो कण थेट तयारच करता येत नाही, त्याचा मागही अशा विघटनांतून लागू शकतो.

यात आणखी एक सोय आहे. क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या बलाची गणिते किचकट असतात, आणि एकेका विघटनाचा दर किती हे सांगताना सैद्धांतिक अंदाजात मोठी अनिश्चितता राहते. पण म्युऑनांचा दर भागिले इलेक्ट्रॉनांचा दर असे गुणोत्तर घेतले की ही गुंतागुंत वर आणि खाली सारखीच असल्यामुळे छाटली जाते. उरणारा अंदाज स्वच्छ असतो: १, आणि फार तर शेकडा एक इतका इकडेतिकडे. कणभौतिकीत इतका नितळ अंदाज सहसा हाती लागत नाही. आर-के या नावाने ओळखले जाणारे हे गुणोत्तर सैद्धांतिकांना भुरळ घालते ते त्यामुळेच.

२०१४ मध्ये एलएचसीबीने आर-के ०.७४५ असल्याचे सांगितले. विसंगती २.६ सिग्मा इतकी (अंतर अनिश्चिततेच्या किती पट आहे, हे सिग्मा सांगते), म्हणजे कुतूहल वाटावे पण हुरळून जाऊ नये अशी. २०१७ मध्ये भाऊबंद गुणोत्तरही, ज्यात केऑनच्या जागी त्याची उत्तेजित अवस्था के-स्टार असते, ०.६९ च्या आसपास आले. दोन वेगळी विघटने, झुकाव एकाच बाजूला. २०१९ मध्ये माहिती वाढली, आर-के ०.८४६ वर आले. २०२१ मध्ये तोपर्यंतची सगळी माहिती वापरली. आकडा तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत तोच राहिला, फक्त अनिश्चितता घटली आणि विसंगती ३.१ सिग्मा झाली. स्टँडर्ड मॉडेल बरोबर असताना केवळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता हजारात एक. दरम्यान लेप्टोक्वार्क, नवा झेड-प्राइम बोसॉन अशा अजून न सापडलेल्या कणांच्या कल्पनांवर सैद्धांतिक लेखांचा पूर आला होता. त्या लेखकांना मी दोष देणार नाही. समोरचे आकडे गंभीर लोकांनी, गंभीरपणे काढलेले होते.

चूक कुठे झाली, हे जवळून पाहण्यासारखे आहे, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे.

एलएचसीबीमध्ये बी मेसॉन सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या दीडपट जगतो आणि तेवढ्यात सेंटिमीटरभर अंतर कापतो. त्यातून निघालेले म्युऑन ओळखायला सोपे: कॅलरीमीटर (कणांची ऊर्जा मोजणारा भाग), लोखंडाच्या जाड भिंती, सगळे पार करून ते मागच्या पडद्यांवर उमटतात, आणि तिथवर पोचणारे दुसरे फारसे कोणी नसते. इलेक्ट्रॉनचे तसे नाही. तो हलका असल्यामुळे कणशोधकाच्या सिलिकॉनमधून जाताना फोटॉन फेकतो आणि ऊर्जा गमावतो. चुंबकाच्या आधी असे झाले तर त्याचा संवेग चुकीचा मोजला जातो. गमावलेला फोटॉन कॅलरीमीटरमध्ये शोधून हिशेबात परत जोडावा लागतो, आणि तो दर वेळी सापडतोच असे नाही. परिणाम असा की म्युऑनांच्या आलेखात बी मेसॉनच्या वस्तुमानाचे शिखर टोकदार दिसते आणि इलेक्ट्रॉनांच्या आलेखात ते पसरट, डावीकडे लांब शेपूट असलेले. त्या पसरट शिखराखाली काय काय लपू शकते, हा खरा प्रश्न. २०२१ च्या विश्लेषणात म्युऑनांच्या ३,८५० नोंदी होत्या आणि इलेक्ट्रॉनांच्या केवळ १,६४०.

त्या १,६४० मध्ये तोतये होते. बी मेसॉनमधून केऑन आणि दोन पायॉन निघण्याचे विघटन केऑन आणि दोन इलेक्ट्रॉन निघण्याच्या सुमारे शंभरपट वेळा होते. पायॉन क्वचितच इलेक्ट्रॉनसारखा भासतो, पण मूळ संख्याच एवढी मोठी असेल तर क्वचित भासणेही पुरते. अशा नोंदी खऱ्या इलेक्ट्रॉनांत मिसळल्या की इलेक्ट्रॉनांची संख्या फुगते. ती छेदात असते. छेद वाढला की गुणोत्तर १ च्या खाली घसरते. विसंगती ज्या बाजूला दिसत होती, बरोबर त्याच बाजूला.

२०२२ च्या विश्लेषणात इलेक्ट्रॉन ओळखण्याची अट कडक केली गेली आणि त्यातूनही निसटणाऱ्या तोतयांचा अंदाज प्रत्यक्ष माहितीवरून बांधून तो हिशेबात घेतला गेला. गटाने स्वतःच वाटणी सांगितली: ढिल्या अटीमुळे शिरलेल्या भेसळीने आकडा ०.०६४ ने सरकला होता आणि उरलेली भेसळ हिशेबात न घेतल्याने ०.०३८ ने. दोन्ही मिळून ०.१०२. ते ०.८४६ मध्ये मिळवून पाहा. नवा आकडा जवळजवळ येऊन मिळतो.

आता कुणी विचारेल, गटाने पडताळणी केली नव्हती का? केली होती, आणि कसून केली होती. बी मेसॉन केऑन आणि जे-साय नावाचा कण यांत मोडतो, मग जे-साय म्युऑनांच्या किंवा इलेक्ट्रॉनांच्या जोडीत मोडतो. जे-सायची ही दोन विघटने समान दराने होतात हे पक्के ठाऊक आहे. म्हणून तिथले गुणोत्तर १ येते का, हे पाहिले की यंत्र इलेक्ट्रॉनांना नीट पकडते की नाही हे कळते. ते ०.९८१ आले, अनिश्चितता ०.०२०. म्हणजे उत्तम. पण नेमके इथेच घोडे पेंड खाते. जे-साय मार्गाने येणाऱ्या नोंदी दुर्मीळ विघटनाच्या शंभराहून अधिक पट असतात. तेवढ्या गर्दीत मूठभर तोतयांनी काहीच फरक पडत नाही. दुर्मीळ नमुन्यात मात्र तेच तोतये आकडा बदलून टाकतात. त्या पडताळणीने इलेक्ट्रॉन निसटतात का, हे तपासले. जे इलेक्ट्रॉन नव्हतेच ते आत शिरतात का, हे तिच्या आवाक्यातले नव्हते.

याहून अस्वस्थ करणारा एक हिशेब आहे. समजा, ती भेसळ तशीच राहून माहिती चौपट झाली असती. आकडा ०.८४६ च राहिला असता, सांख्यिकी अनिश्चितता निम्मी होऊन ०.०२१ च्या आसपास आली असती, आणि १ पासूनचे अंतर पाच सिग्माची रेषा आरामात ओलांडून गेले असते. पाच सिग्मा म्हणजे कणभौतिकीत शोध जाहीर करण्याची मान्य पातळी. म्हणजे ज्या कुंपणाच्या भरवशावर आपण निर्धास्त असतो, ते कुंपण या प्रकारची चूक अडवत नाही. सिग्मा योगायोगाचा हिशेब ठेवते, आणि ज्या त्रुटींची यादी प्रयोगकर्त्यांनी केली आहे त्यांचाही. यादीत नसलेल्या त्रुटीबद्दल ती मौन पाळते. माहिती वाढवत गेलो की अशी त्रुटी बरी होत नाही, उलट अधिकाधिक ठामपणे बोलू लागते.

अशा त्रुटीवर औषध एकच: ज्याच्या त्रुटी वेगळ्या आहेत असे दुसरे यंत्र.

आणि तसे यंत्र कल्पनेतले नाही. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवणारी बी-फॅक्टरी एलएचसीहून मुळातच निराळी. टकरीची ऊर्जा नेमकी बी मेसॉनांच्या जोडीपुरती ठेवलेली असते, भोवती इतर कणांचा कचरा जवळपास नसतो, आणि इलेक्ट्रॉन व म्युऑन साधारण सारख्याच कुशलतेने मोजता येतात. बी मेसॉनांची संख्या एलएचसीच्या तुलनेत फारच कमी, हा तिचा उणेपणा. पण आपल्याला हवे आहे तेच हे: निराळे बळ, निराळे दुबळेपण.

अशा यंत्रांचे काय झाले, ते पाहा. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेतला बाबार प्रयोग २००८ च्या अमेरिकी अर्थसंकल्पात विज्ञानाला लागलेल्या कात्रीमुळे ठरल्यापेक्षा काही महिने आधीच, एप्रिल २००८ मध्ये थांबला. जपानमधल्या त्सुकुबाचा बेल प्रयोग जून २०१० मध्ये थांबला. त्याच्या जागी सुपरकेईकेबी हे अधिक ताकदीचे यंत्र बांधायचे होते. इटलीने सुपर-बी नावाच्या यंत्राला २०१० मध्ये मान्यता दिली होती, रोमजवळची जागाही ठरली होती. खर्च वाढल्याने नोव्हेंबर २०१२ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला. एका जगाला दोन सुपर बी-फॅक्टऱ्या कशाला, असा विचार त्या वेळी अनेकांना शहाणपणाचा वाटला असेल. सुपरकेईकेबीमध्ये पहिल्या टकरी २०१८ मध्ये झाल्या आणि पूर्ण कणशोधकानिशी बेल-२ ची खरी सुरुवात २०१९ मध्ये. पुढेही यंत्र अपेक्षेइतके जोमाने चालले नाही. कणांची शलाका अचानक ढळण्याच्या अडचणींनी ते जेरीस आले. २०२२ च्या मध्यापर्यंत बेल-२ कडे जुन्या बेलच्या जेमतेम निम्मी माहिती जमली होती.

आता या दोन तारखांच्या मालिका शेजारी ठेवा. आर-केची विसंगती २०१४ मध्ये दिसली, २०१७ मध्ये बळावली, २०२१ मध्ये शिगेला पोचली. २०१० च्या मध्यापासून २०१८ पर्यंत जगात एकही बी-फॅक्टरी चालू नव्हती. बेलच्या जुन्या माहितीतून आर-के काढले गेले, ते १.०३ आले, पण अनिश्चितता पाव भागाहून अधिक. अशा आकड्याने ना विसंगती खोडता येते, ना दुजोरा देता येतो. जुनी यंत्रे आणखी दोन-चार वर्षे चालली असती तर वाद मिटला असता, असेही म्हणता येणार नाही. त्यासाठी पुढच्या पिढीचेच यंत्र लागले असते. दोन ठरली होती. एक रद्द झाले, दुसरे उशिरा आले. तोवर अख्खे क्षेत्र एका यंत्राच्या एका इलेक्ट्रॉन-नमुन्याभोवती फिरत राहिले.

यावर सर्वांत बळकट आक्षेप असा: अहो, चूक शेवटी एलएचसीबीनेच शोधली. दुसऱ्या यंत्राची गरज पडली कुठे?

आक्षेप खरा आहे, आणि त्या गटाबद्दल मला वाटणारा आदर त्यामुळे वाढतो. आपल्याच गाजलेल्या निकालावर आपल्याच हाताने पाणी सोडायला धैर्य लागते. पण त्या आक्षेपाचे दुसरे टोक पाहा. आज आपण आर-के १ शी जुळते असे मानतो, ते कशाच्या जोरावर? त्याच यंत्राच्या, त्याच माहितीच्या. एलएचसीवरच्याच सीएमएस या दुसऱ्या प्रयोगाने २०१८ मध्ये बी मेसॉन असलेल्या सुमारे एक हजार कोटी नोंदी खास बाजूला साठवल्या, त्यातून आर-के काढले आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. उत्तर ०.७८, वरच्या बाजूची अनिश्चितता ०.४७ आणि खालच्या बाजूची ०.२३. प्रयत्न कौतुकाचा, पण हा आकडा ०.८४६ शीही जुळतो आणि १ शीही. म्हणजे २०२१ च्या निकालाला जी अडचण होती, तीच आजच्या निकालालाही आहे: त्याच तोडीच्या दुसऱ्या यंत्राने तो पडताळलेला नाही. फरक इतकाच की १ हे उत्तर आपल्याला अपेक्षित होते, म्हणून आपण शंका घेणे थांबवले. नवे विश्लेषण जुन्यापेक्षा निश्चितच सरस आहे, आणि १ हेच खरे उत्तर असण्याची शक्यता मोठी आहे, असे मलाही वाटते. पण अपेक्षित उत्तराला कमी पुरावा आणि अनपेक्षित उत्तराला जास्त, ही सवय मोजमापाच्या शास्त्रात एका मर्यादेपलीकडे चालू द्यायची नसते. ५० व्यस्त अ‍ॅटोबार्न (एकूण टकरींचे माप) इतकी माहिती जमली तर आर-के साडेतीन-चार टक्क्यांपर्यंत मोजता येईल, असा बेल-२ चा स्वतःचा अंदाज आहे. एलएचसीबीच्या आजच्या अचूकतेशी तो बरोबरी करतो. ते लक्ष्य अजून खूप दूर आहे.

दुसऱ्या यंत्राने काय साधते, याचा दाखला याच विषयात मिळतो. एलईपीवर डब्ल्यू बोसॉन या क्षीण बलाच्या दुसऱ्या वाहक कणाची विघटने मोजली तेव्हा टाऊचा वाटा म्युऑनपेक्षा सात टक्के जास्त दिसला, विसंगती सुमारे २.७ सिग्मा. एलईपी २००० साली बंद झाले आणि तो आकडा वीस वर्षे तसाच लोंबकळत राहिला. त्यावर चार प्रयोगांनी मिळून काम केले होते, हे लक्षात घ्यायला हवे. पण यंत्र एक, आणि डब्ल्यू तयार करण्याची रीतही एक. मग एलएचसीवरच्या अ‍ॅटलास प्रयोगाने टॉप क्वार्कांच्या जोड्यांतून मिळणारे डब्ल्यू घेतले आणि टाऊमधून निघालेला म्युऑन टकरीच्या जागेपासून किंचित दूर जन्मतो, या खुणेवरून तो ओळखला. उत्तर ०.९९२, अनिश्चितता ०.०१३. सीएमएसनेही पुढे तेच सांगितले. वाद संपला. एलईपीच्या आकड्यात नेमके काय बिनसले होते हे सांगायची गरजही उरली नाही.

उलट बाजूचे उदाहरण आजही उघडे आहे. बी मेसॉनमधून डी मेसॉन किंवा त्याची उत्तेजित अवस्था डी-स्टार निघताना टाऊचा वाटा हलक्या लेप्टॉनांच्या तुलनेत किती, हे गुणोत्तर बाबारने २०१२ मध्ये जाहीर केले (यंत्र बंद होऊन चार वर्षे झाल्यावर, साठवलेल्या माहितीतून). ते स्टँडर्ड मॉडेलच्या अंदाजापेक्षा ३.४ सिग्मा जास्त होते. डी-स्टारसाठी अपेक्षा ०.२५ च्या जरा वर, बाबारचा आकडा ०.३३२. पुढे बेलने मोजले, एलएचसीबीने मोजले, बेल-२ ने मोजले. आकडे खाली सरकले आहेत, पण सगळ्यांची सरासरी अजूनही अंदाजापेक्षा तीन सिग्माहून थोडी जास्तच आहे. आर-केपेक्षा या विसंगतीला मी अधिक वजन देतो, आणि कारण सिग्मा नाही. वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या यंत्रांनी, वेगवेगळ्या रीतींनी तिला एकाच बाजूला पाहिले आहे. तोतया इलेक्ट्रॉनांसारखी एखादी एकट्या यंत्राची खोड सगळ्यांना एकदम लागणे अवघड आहे.

पण अशक्य नाही, आणि इथे माझ्याच युक्तिवादाला एक मर्यादा घालायला हवी. टाऊ मोडताना यंत्राला न दिसणारे न्यूट्रिनो कण निसटून जातात, म्हणून या विघटनात स्पष्ट शिखर दिसत नाही. टाऊच्या नोंदी किती, हे आलेखांच्या आकारांवरून ठरवावे लागते. त्यात सर्वांत त्रासदायक भेसळ म्हणजे डी मेसॉनच्या अधिक उत्तेजित अवस्थांची विघटने, आणि त्यांच्याविषयीचे आपले ज्ञान तोकडे आहे. ते तोकडे ज्ञान सर्व प्रयोग साधारण सारख्याच प्रतिकृतींतून वापरतात. यंत्रे तीन असली तरी गृहीतक सामायिक असेल तर तेवढ्या भागापुरती साक्ष एकच. म्हणून निव्वळ दुसरे यंत्र उभारून भागत नाही; त्याची भेसळ वेगळी हवी, ती मोजण्याची रीत वेगळी हवी, आणि त्या उत्तेजित अवस्थांची विघटने स्वतंत्रपणे मोजण्याचे कंटाळवाणे, बातमीत न येणारे कामही कुणीतरी करायला हवे. अशा कामाला वेळ आणि पैसा मिळवून देणे सर्वांत कठीण जाते.

सगळीच मोजमापे दोनदा करा, असे मी म्हणत नाही. पैसा मर्यादित आहे, आणि नव्या दिशेने जाऊ पाहणाऱ्या प्रयोगांचाही त्यावर हक्क आहे. पण दोन अटी एकत्र जुळतात तिथे दुसऱ्या यंत्राचा खर्च हा मूळ प्रयोगाच्याच खर्चाचा भाग धरला पाहिजे. एक, उत्तर वेगळे आले तर मूलभूत नियमच बदलावे लागतील. दोन, चूक होण्याचा मुख्य धोका नोंदींच्या तुटवड्यातून येत नसून कण ओळखण्यातून, भेसळीतून, यंत्राच्या घडणीतून येतो. दुर्मीळ बी विघटनांतली लेप्टॉन सार्वत्रिकता दोन्ही अटी पुऱ्या करते. तिथे दुसरे यंत्र वगळून पहिल्यावर खर्च करणे म्हणजे आकडा विकत घेणे आणि त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे मात्र टाळणे.

याचा अर्थ येत्या दशकात काय, तेही सांगतो. सुपरकेईकेबीला त्याची शलाका सुधारायला आणि ठरलेले लक्ष्य गाठायला जेवढी वर्षे लागतील तेवढी मिळाली पाहिजेत. मधल्या निकालांत काही सनसनाटी निघाले नाही म्हणून त्याचा हात आखडता घेऊ नये. एलएचसीबीने २०२२ पासून हार्डवेअरची गाळणी काढून टाकून टकरींची निवड पूर्णपणे सॉफ्टवेअरवर सोपवली आहे. पूर्वीच्या गाळणीत इलेक्ट्रॉनांवर अधिक कडक अट लागे, ती अडचण त्यामुळे दूर झाली. पुढच्या मोठ्या सुधारणेचा, अपग्रेड-२ चा प्रस्ताव देशोदेशींच्या निधी-यंत्रणांपुढे आहे. ही दोन यंत्रे एकमेकांची स्पर्धक आहेत असे समजून एकाला निवडण्याची भाषा त्या चर्चेत येईल, तेव्हा २०१० ते २०१८ ही वर्षे टेबलावर ठेवावीत.

प्रयोगांकडूनही एक मागणी आहे. गुणोत्तर जाहीर करताना इलेक्ट्रॉन-नमुन्यात तोतये किती असू शकतात, हे कशावरून ठरवले, आणि ओळखीची अट ढिली किंवा कडक केली तर आकडा किती हलतो, हा तक्ता पहिल्याच दिवशी निकालासोबत यावा. २०२२ मध्ये एलएचसीबीने ०.०६४ आणि ०.०३८ हे आकडे वेगवेगळे मांडले म्हणून आज कुणालाही ती चूक स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. तसा तक्ता २०१४ पासून प्रत्येक निकालाला जोडलेला असता, तर आकडा अटीबरोबर सरकतो आहे हे बाहेरच्या एखाद्या चिकित्सकाच्याही नजरेस पडू शकले असते.

टाऊचे तर अजून सगळेच बाकी आहे. बॉटममधून स्ट्रेंज होताना म्युऑन आणि इलेक्ट्रॉन यांची तुलना आता पाच टक्क्यांच्या आत आली आहे. त्याच विघटनात टाऊंची जोडी मात्र आजवर कोणत्याही यंत्राला दिसलेली नाही. केऑनसोबत टाऊंची जोडी निघण्याचे प्रमाण हजारात सव्वादोनपेक्षा जास्त नाही, एवढेच बाबार २०१६ मध्ये सांगू शकला. स्टँडर्ड मॉडेलचा अंदाज एक कोटीत एक-दोन. मर्यादा आणि अंदाज यांच्यात हजारो पटींचे अंतर आहे, आणि सर्वांत जड भावंड इतरांसारखे वागते की नाही, हे त्या अंतरात कुठेही ठरू शकते. तिथे पहिला संकेत ज्या यंत्राला मिळेल, त्या दिवशी दुसरे यंत्र चालू स्थितीत असले पाहिजे. ते बांधायला दहा वर्षे लागतात, म्हणून त्याचा निर्णय संकेत मिळण्याआधीच घ्यावा लागतो.